जळजळीची गोळी किती दिवस?

आठवड्यातून तीन-चारदा छातीत जळजळते, आंबट ढेकर घशापर्यंत येतात, मेडिकलमधून आणलेली गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेतली की दिवस बरा जातो. मग ती रोजच घेतली तर बिघडते काय, हा प्रश्न आज असंख्य घरांत विचारला जातो. 'काही होत नाही, साधी गॅसची गोळी आहे' असे कोणी सांगतो, तर 'किडनी जाईल' अशी भीती दुसरा कोणी घालतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण कोणती गोळी, किती दिवस आणि कशासाठी, हे तिन्ही तपशील त्यांत नसतात. 'गॅसची गोळी' या एकाच नावाखाली निदान तीन-चार निरनिराळ्या जातींची औषधे विकली जातात. त्यांपैकी काहींचा गुण मिनिटांत येतो तर एकीचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, आणि जे औषध अधूनमधून होणाऱ्या त्रासाला योग्य, ते वारंवार होणाऱ्या त्रासाला बहुधा पुरत नाही.

१. आम्ल कोठे असावे आणि कोठे नसावे

जठरात अन्नाच्या पचनासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल पाझरते. आम्लता ज्या पीएच या मापाने मोजतात त्यात शुद्ध पाण्याचा अंक ७ असतो आणि अंक जितका खाली येईल तितके आम्ल तीव्र समजतात. रिकाम्या जठरातील रसाचा अंक साधारणपणे १.५ ते ३.५ असतो. या मापाची एक पायरी म्हणजे दहापट फरक, त्यामुळे पीएच २ वरून ४ वर गेला तर आम्लता निम्मी झाली असे होत नाही, ती शंभराव्या हिश्श्यावर येते. एवढे तीव्र आम्ल जठराला सोसते, कारण त्याच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा जाड थर असतो. अन्ननलिकेला असे संरक्षण नसते. दोहोंच्या सांध्यावर स्नायूंची एक कडी असते, जी घास खाली जाताना उघडते आणि एरवी आवळलेली राहते; ही कडी अवेळी सैल पडली की जठरातील आम्ल वर चढते आणि छातीच्या हाडामागे जाळ उठतो.

जळजळ होणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या जठरात आम्ल इतरांइतकेच तयार होत असते, ते केवळ नको तेथे पोहोचलेले असते. कडी सैल पडण्याची कारणे बरीच आहेत: भरपेट आणि तेलकट जेवण, पोटावरील चरबीचा दाब, गर्भारपण, तंबाखू (मग ती ओढलेली असो, चघळलेली असो की मिश्री म्हणून दातांना लावलेली), किंवा जठराचा वरचा भाग मध्यपटलातून छातीच्या पोकळीत सरकणे, ज्याला हायटस हर्निया म्हणतात. दुकानात मिळणारे कोणतेही औषध ही कडी दुरुस्त करीत नाही. औषधाने वर येणाऱ्या द्रवाची धार बोथट होते, त्याचे वर येणे मात्र चालूच राहते. म्हणून गोळी बंद केल्यावर त्रास परत आला तर त्यात आश्चर्य नाही.

याच कारणाने गोळीच्या आधी किंवा निदान गोळीबरोबर करावयाच्या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी टाळता येत नाहीत. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवणे, कंबरेचा घेर वाढलेला असल्यास वजन उतरवणे, डाव्या कुशीवर झोपणे, पलंगाचे उशाकडचे पाय विटा लावून वीतभर उंच करणे, हे उपाय तपासून पाहिलेले आहेत. केवळ उशांची चळत रचून भागत नाही, कारण तिने मान वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. तिखट सर्वांनी सोडावे असा सरसकट नियम मात्र करता येत नाही. ज्याला ज्या पदार्थाने त्रास होतो त्याने तो टाळावा, एवढेच म्हणता येते. गार दुधाने क्षणभर बरे वाटते हे खरे, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल पाझरायला लावतात.

२. सोडा, गुलाबी औषध आणि शेवाळाचा तराफा

सर्वांत जुना उपाय म्हणजे तयार झालेले आम्ल जागच्या जागी मारणे. खाण्याचा सोडा, पाण्यात टाकताच फसफसणारी पूड, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे क्षार असलेले गुलाबी किंवा पांढरे पातळ औषध, चघळायची कॅल्शियमची गोळी, ही सारी अँटासिड जातीची औषधे होत. त्यांचा गुण पाच-दहा मिनिटांत येतो आणि रिकाम्या पोटी अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. जेवणानंतर घेतली तर तो दोन-तीन तास टिकतो. मॅग्नेशियमने शौचाला पातळ होते आणि ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होते, म्हणून एकाचा दोष दुसऱ्याने झाकण्यासाठी कारखानदार दोन्ही एकत्र घालतात.

घरगुती म्हणून निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या सोड्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. अर्धा लहान चमचा सोड्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या आहारात ते २००० मिलिग्रॅमहून कमी असावे. दिवसातून तीनदा सोडा घेणाऱ्याचे १८०० मिलिग्रॅम औषधातच संपतात, आणि भाजी, पापड, लोणचे यांतले मीठ अजून मोजायचेच असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने या वाटेला जाऊ नये हे बरे. अँटासिडे इतर औषधांना आतड्यात अडकवूनही ठेवतात. लोहाची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक त्यांच्याबरोबर घेऊ नये, आणि थायरॉइडच्या गोळीत व अँटासिडात चार तासांचे अंतर असावे.

याच वर्गात बसवले जाणारे पण वेगळ्या चालीचे औषध म्हणजे अल्जिनेट. समुद्री शेवाळापासून काढलेला हा पदार्थ जठरात गेल्यावर फुगून आम्लावर तरंगणारा थर बनतो आणि वर चढणाऱ्या द्रवाची वाट अडवतो. जेवणानंतर होणाऱ्या जळजळीत त्याचा उपयोग चांगला होतो, आणि गर्भवतीला वैद्यकीय सल्ल्याने देण्याच्या पहिल्या औषधांत तो मोडतो.

३. एक मोटर, तीन बटणे

यापुढची औषधे समजण्यासाठी आम्ल कसे तयार होते हे पाहावे लागते. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये प्रोटॉन पंप नावाची अतिसूक्ष्म यंत्रे असतात आणि तीच आम्ल बाहेर टाकतात. इमारतीच्या गच्चीवरील टाकी भरणाऱ्या मोटरींशी त्यांची तुलना करता येईल. या मोटरी चालू करणारी मुख्य बटणे तीन: हिस्टामीन हे रसायन, मज्जातंतूंतून येणारे असिटिलकोलीन, आणि जेवण पोटात पडताच रक्तात मिसळणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक. अँटासिड टाकीत आधीच पडलेल्या पाण्याचा बंदोबस्त करते, मोटरींना हात लावत नाही.

हिस्टामीनचे बटण निकामी करणारे पहिले यशस्वी औषध, सिमेटिडीन, ब्रिटनमध्ये १९७६ साली बाजारात आले आणि त्यामागील संशोधक जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच जातीची रॅनिटिडीन ही गोळी १९८१ पासून जगभर पसरली, आणि आपल्याकडे तर ती इतकी अंगवळणी पडली की दुखीच्या कोणत्याही गोळीबरोबर ती मागून घेण्याची रीतच झाली. पुढे या औषधात साठवणुकीच्या काळात, विशेषतः उष्णतेत, एनडीएमए हा कर्करोगकारक असण्याचा संभव असलेला पदार्थ वाढत असल्याचे आढळले, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये सर्व रॅनिटिडीन बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते २०२२ साली वगळले गेले. त्याच कुळातील फॅमोटिडीनवर असा आक्षेप नाही, आणि या जातीची गोळी हवी असेल तर तीच मागणे शहाणपणाचे.

फॅमोटिडीनचा गुण तासाभरात येतो आणि दहा-बारा तास टिकतो, म्हणून लग्नाच्या पंगतीआधी किंवा रात्रीच्या त्रासासाठी ती सोयीची आहे. तिची मर्यादा अशी की रोज घेतल्यास आठवडा-दोन आठवड्यांत शरीर तिला सरावते आणि गुण कमी होतो. एक बटण बंद असले तरी उरलेली दोन चालूच असतात.

४. मोटरच थांबवणारी गोळी

ओमेप्राझोल हे औषध १९८८ साली प्रथम स्वीडनमध्ये विक्रीला आले. त्याने बटणांच्या भानगडीत न पडता थेट मोटरलाच खीळ घातली. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही सारी त्याची भावंडे, आणि या कुळाला प्रोटॉन पंप रोधक म्हणतात. ती घेण्याची पद्धत अनेकांना ठाऊक नसते आणि तिथेच अर्धा गुण वाया जातो.

जे औषध आम्ल थांबवते ते स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून त्याच्या गोळीवर किंवा कॅप्सुलातील दाण्यांवर आतड्यात विरघळणारे आवरण असते, आणि गोळी चावली किंवा कुटली तर ते आवरण फुटून औषध जठरातच नासते. आतड्यातून रक्तात गेलेले औषध जेमतेम दोन-चार तास तेथे असते, आणि त्या अवधीत जी मोटर चालू असेल तिलाच ते कायमचे बंद पाडते. थांबलेल्या मोटरीला ते काही करू शकत नाही. मोटरी जेवणाच्या वेळी सर्वाधिक संख्येने चालू होतात, म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. रिकाम्या पोटी गोळी घेऊन दुपारपर्यंत काहीच न खाणाऱ्याला, किंवा जेवून जळजळ सुरू झाल्यावर ती घेणाऱ्याला तिचा पुरेसा लाभ मिळत नाही. शिवाय पेशी रोज नव्या मोटरी बसवत असतात आणि एका दिवसाच्या गोळीला त्या सगळ्या सापडत नाहीत, त्यामुळे पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. पहिल्याच दिवशी 'या गोळीने फरक नाही' म्हणून दुसरी मागणारा ग्राहक योग्य औषध अयोग्य घाईने टाकून देत असतो. या तीन-चार दिवसांत जळजळ उठली तर अँटासिड घेण्यास हरकत नाही.

५. चौदा दिवसांचा हिशेब

वारंवार म्हणजे किती, याची व्यवहार्य मर्यादा अमेरिकेतील खोक्यांवर छापलेली असते. तेथे २००३ साली २० मिलिग्रॅमचे ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली, ती काही अटींवर: औषध प्रौढांसाठी आहे, आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस जळजळ होत असेल तरच घ्यावे, रोज एक याप्रमाणे चौदा दिवस घ्यावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चार महिन्यांच्या आत पुन्हा सुरू करू नये. महिन्यातून एकदा, बिर्याणीच्या दुसऱ्या दिवशी जळजळ होणाऱ्यासाठी हे औषध नाहीच. त्याचे काम अँटासिडाने किंवा फॅमोटिडीनने भागते.

या अटी आकड्यांत मांडल्या तर त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. एखाद्याने १ जूनला सुरुवात केली तर १४ जूनला थांबायचे आणि पुढची फेरी १ ऑक्टोबरच्या आधी सुरू करायची नाही. वर्षभरात अशा जास्तीत जास्त तीन फेऱ्या बसतात, म्हणजे ४२ गोळ्या. वर्षाला तीनशे पासष्ट गोळ्या स्वतःच्या मनाने घेणारा माणूस खोक्यावरील मर्यादेच्या आठपटींहून पुढे गेलेला असतो. चौदा दिवसांची मर्यादा पंधराव्या दिवशी गोळी विषारी होते म्हणून घातलेली नाही. चौदा दिवसांत थांबला नाही किंवा थांबून लगेच परतला असा त्रास साधा नसण्याची शक्यता वाढते, आणि त्या टप्प्यावर कोणीतरी जाणत्याने पाहावे, हा तिचा हेतू आहे. डॉक्टरही धोक्याची लक्षणे नसलेल्या रुग्णाला बहुधा आठ आठवड्यांपर्यंत हे औषध देऊन नंतर ते थांबवून पाहतात.

भारतात स्थिती चमत्कारिक आहे. आपल्या कायद्यात चिठ्ठीशिवाय विकण्याच्या औषधांचा असा स्वतंत्र वर्गच नाही. ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल अनुसूची 'एच'मध्ये येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, आणि तसे पट्टीवर छापलेलेही असते. प्रत्यक्षात ती चिठ्ठीविना सर्रास मिळतात. परिणाम असा की कायदा कडक असूनही ग्राहकाच्या हाती चौदा दिवसांची सूचना नसलेली पट्टी पडते. त्यातही नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' अशी अक्षरे असलेले कॅप्सूल मागितले किंवा दिले जाते, ज्यात डॉम्पेरिडोन हे उलटीवरील दुसरे औषध मिसळलेले असते. डॉम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते म्हणून युरोपीय औषध नियामकांनी २०१४ साली त्याचा वापर मळमळ व उलटीपुरता, आणि साधारणपणे एका आठवड्यापुरता मर्यादित केला. केवळ जळजळ होणाऱ्याने ते महिनोन्‌महिने घेण्याला आधार नाही.

६. दीर्घ वापराची भीती किती खरी

हाडे मोडणे, बी१२ कमी होणे, मॅग्नेशियम घटणे, आतड्याचे संसर्ग, मूत्रपिंडाचा दाह, अशी दोषांची एक लांब यादी या औषधांच्या नावावर आहे. तिच्यातील बरेचसे आरोप निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांतून आले, आणि अशा अभ्यासांत आधीच आजारी असलेली माणसेच ही गोळी अधिक घेत असल्याने गोळीचा दोष कोणता आणि आजाराचा कोणता हे वेगळे करणे अवघड जाते. हृदयविकाराच्या १७,५९८ रुग्णांना पँटोप्राझोल किंवा तशीच दिसणारी औषधहीन गोळी देऊन सुमारे तीन वर्षे पाहिलेली एक मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत दोन गटांतला ठळक फरक आतड्याच्या संसर्गापुरताच आढळला, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. तीन वर्षांचा हा दिलासा पंधरा वर्षांना लावता येणार नाही, पण 'किडनी जाईल' ही सरसकट धमकीही तिच्यापुढे टिकत नाही. मूत्रपिंडाचा दाह होतो, तो क्वचित.

बी१२चा प्रश्न मात्र आपल्याकडे गंभीरपणे घ्यायला हवा. अन्नातील बी१२ मोकळे होण्यासाठी आम्ल लागते. शाकाहारी माणसाच्या ताटात ते मुळातच थोडे असते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानेही ते घटते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल अशी तिन्ही कारणे एकत्र आलेल्याने रक्तातील बी१२ तपासून घ्यावे. तसेच स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळावे, कारण ती दोन्ही क्लोपिडोग्रेलला कामाला लावणारे यकृतातील विकर अडवतात.

उलट, काहींनी हे औषध दीर्घकाळ घेतलेच पाहिजे: ज्यांची अन्ननलिका दाहाने सोलवटली आहे, ज्यांच्या अन्ननलिकेचे अस्तर बदलले आहे, किंवा जे उतारवयात ॲस्पिरिन वा दुखीच्या गोळ्या रोज घेतात. वर्तमानपत्रातील मथळा वाचून यांनी ते आपण होऊन सोडणे हे दुसऱ्या टोकाचे नुकसान आहे. दोन-तीन दिवस तापासाठी पॅरासिटामॉल घेणाऱ्या धडधाकट तरुणाला मात्र सोबतच्या 'गॅसच्या गोळी'ची गरज नसते.

७. थांबवताना

बराच काळ मोटरी बंद राहिल्या की शरीर गॅस्ट्रिनचे बटण अधिकाधिक जोराने दाबू लागते. गोळी एकदम थांबवली तर काही आठवडे पूर्वीपेक्षा जास्त आम्ल पाझरते. डेन्मार्कमधील एका प्रयोगात जळजळीचा त्रासच नसलेल्या १२० निरोगी लोकांपैकी काहींना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिले आणि नंतर ते बंद केले, तेव्हा त्यांतील ४४ टक्क्यांना आम्लाची लक्षणे जाणवली. औषधहीन गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. 'गोळी सोडली की त्रास दुप्पट होतो, म्हणजे मला ती जन्मभर लागणार' हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. ज्यांना दीर्घ वापराचे सबळ कारण नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून मात्रा निम्मी करावी, मग एकाआड एक दिवस घ्यावी आणि मधल्या त्रासाला अँटासिड किंवा फॅमोटिडीनने तोंड द्यावे. जठरातील हेलिकोबॅक्टर या जिवाणूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही तपासणी नकारात्मक येऊ शकते.

८. जेथे दुकानातली गोळी चालत नाही

घास अडकणे किंवा गिळताना दुखणे, कारणाशिवाय वजन उतरणे, रक्ताची वा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखे काळे शौच, पंडुरोग, आणि पन्नाशी-साठीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काहीही असेल तर चौदा दिवसांचा प्रयोगही करू नये. अशा रुग्णाला बहुधा दुर्बिणीने तपासावे लागते, आणि गोळीने मिळालेला आराम निदान लांबवण्याचे काम करतो.

सर्वांत महागात पडणारी चूक हृदयाबाबत होते. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, चालताना वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी जळजळ, ही लक्षणे हृदयाची असू शकतात. स्त्रियांत आणि मधुमेहींत ती अधिकच पुसट असतात आणि नेमकी 'गॅस'सारखी भासतात. अशा वेळी सोडा पिऊन ढेकर येण्याची वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि आधी ईसीजी काढून घ्यावा.